पाणबुड्याचा श्वसन-नियामक : जलप्रवेश व जलनिःसारण

पाणबुड्याचा श्वसन-नियामक : पाठीवरील सिलिंडरात उच्च दाबाखाली साठविलेली हवा पाणबुड्याला लागेल तेव्हा, लागेल तितकी आणि तो ज्या खोलीवर असेल तेथील पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने पुरविणाऱ्या साधनास श्वसन-नियामक म्हणतात. व्यवहारात ते रेग्युलेटर याच नावाने ओळखले जाते. हवा पुरविणे हे त्याचे मुख्य कार्य होय. तथापि त्याच्या रचनेच्या इतिहासात हवा आत आणण्यासाठी जितकी कल्पकता खर्ची पडली, जवळजवळ तितकीच पाणी बाहेर घालविण्यासाठीही पडली आहे. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या, सामान्यतः दुर्लक्षित राहणाऱ्या बाजूचा विचार केला आहे.

नियामकात पाणी शिरते ते केवळ सदोष बांधणीमुळे, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो बरोबर नाही. नियामकाची पेटी दोन ठिकाणी पाण्याशी संबंध राखल्यावाचून काम करूच शकत नाही. तिच्या एका बाजूस रबराचा लवचिक पडदा असतो व त्याची बाहेरची बाजू पाण्याला भिडलेली असते. पाणबुड्याने श्वास आत ओढला की, पेटीतील दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा किंचित, म्हणजे पाण्याच्या काही सेंटीमीटर उंचीच्या स्तंभाइतका कमी होतो. पडदा आत दबतो, त्याच्या मागील तरफ हलते आणि पुरवठा-झडप उघडून हवा येते. श्वास सोडताना पडदा पूर्ववत होतो आणि उच्छ्वासाची हवा दुसऱ्या, पातळ रबरी झडपेतून पाण्यात निघून जाते. तिला निःश्वास-झडप म्हणतात. म्हणजे प्रत्येक श्वासाच्या वेळी काही क्षण पेटीच्या आतील दाब बाहेरच्यापेक्षा कमीच असतो. अशा वेळी पेटीला सुईएवढे छिद्र असले किंवा निःश्वास-झडपेखाली वाळूचा एखादा कण अडकला असला, तर त्यातून हवा बाहेर जाण्याऐवजी पाणी आत ओढले जाते. झडप ताठ व घट्ट केली, तर पाण्याला अटकाव होतो, परंतु श्वास सोडणे जड जाऊन छातीचे स्नायू लवकर थकतात. ती सैल केली, तर श्वास हलका होतो आणि पाणी झिरपते. या दोहोंमधील तडजोड हीच नियामकाच्या रचनेतील मुख्य अडचण आहे.

आत शिरणारे पाणी पुष्कळदा चमचाभरच असते, पण त्याचे परिणाम मात्र त्या मानाने फार मोठे असू शकतात. श्वासाबरोबर पाण्याचे थेंब घशात गेले की ठसका लागतो; काही वेळा स्वरयंत्राचा आकस्मिक संकोच होऊन क्षणभर श्वासच अडतो. अननुभवी पाणबुड्या अशा वेळी घाबरून, श्वास कोंडून पृष्ठभागाकडे झेपावतो. समुद्रात दर १० मी. खोलीला सुमारे एक वातावरण दाब वाढतो. त्यामुळे १० मी. खोलीवर छातीत भरून घेतलेली हवा पृष्ठभागापाशी येईतो दुप्पट आकारमानाची होऊ पाहते व कोंडलेल्या फुप्फुसाची ऊती फाटून हवेचे बुडबुडे रक्तप्रवाहात शिरण्याचा संभव असतो. पाण्याखाली श्वास कधीही कोंडून धरू नये, हा पाणबुडेगिरीतील पहिला नियम आहे, आणि तोंडात अनपेक्षितपणे आलेले पाणी हाच नियम मोडावयास लावते.

इतिहास : दाबानुसार हवा देणाऱ्या नियामकाची कल्पना समुद्रावर नव्हे, तर खाणीत जन्मली. फ्रान्सच्या आव्हेराँ प्रांतातील खाण अभियंते ब्नवा रूकेरॉल यांनी १८६० मध्ये दाबाखालील वायूचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या उपकरणाचे एकस्व घेतले. विषारी वायूने किंवा पाण्याने भरलेल्या खाणीत अडकलेल्यांपर्यंत पोहोचता यावे, हा त्यांचा हेतू होता. एस्पाल्याँ या गावी त्यांचा ओग्यूस्त दनेरूझ या नौदल अधिकाऱ्याशी परिचय झाला आणि १८६४ मध्ये दोघांनी मिळून हे उपकरण समुद्रात वापरण्याजोगे केले. पाठीवर पोलादी टाकी, तीवर पडदा व झडप असलेली छोटी पेटी, तेथून तोंडाकडे येणारी नळी, दात व ओठ यांमध्ये धरावयाची रबरी मुखनळी आणि नाकाला चिमटा, असे त्याचे स्वरूप होते. टाकीत हवा भरण्यासाठी ती नळीने पृष्ठभागावरील पंपाला जोडलेली असे. पाणबुड्याला ती नळी सोडून थोडा वेळ स्वतंत्रपणे हिंडता येई. प्रारंभीच्या उपकरणात डोळ्यांपुढे काचदेखील नव्हती.

या उपकरणातील निःश्वास-झडप विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. रबराची दोन पातळ पाने कडांना चिकटवून ती तयार केलेली होती. आतून हवेचा जोर आला की पाने विलग होत व तो ओसरताच बाहेरचे पाणीच त्यांना एकमेकांवर दाबून बंद करी. पाण्याला अडविण्याचे काम पाण्याकडूनच करवून घेणारी ही युक्ती इतकी साधी व इतकी यथार्थ होती की, पुढची जवळजवळ शंभर वर्षे तिला पर्याय शोधण्याची फारशी गरज भासली नाही. तिच्या आकारावरून तिला चंचु-झडप म्हणता येईल. पाश्चात्त्य पाणबुड्यांनीही तिचे नाव बदकाच्या चोचीवरूनच ठेवले आहे. ज्यूल्स व्हेर्न यांच्या समुद्रतळाच्या सफरीवरील प्रसिद्ध कादंबरीत (१८६९–७०) रूकेरॉल-दनेरूझ उपकरणाचा उल्लेख येतो, त्यामुळे त्याचे नाव तरी सर्वत्र पोहोचले. पण त्या काळच्या टाक्या फार मोठा दाब सहन करू शकत नसत; साठा अपुरा पडे. अखेर शिरस्त्राणधारी पाणबुड्यांच्या रूढ पद्धतीपुढे उपकरणाचा हा स्वतंत्र प्रकार मागे पडला व त्याबरोबर दाबानुसार हवा देण्याचे तत्त्वही पाणबुडेगिरीतून काही दशके बाजूस राहिले.

मधल्या काळात पाण्याच्या प्रश्नाला दोन अगदी भिन्न उत्तरे देण्यात आली. हेन्री फ्लूस या इंग्रज गृहस्थांनी १८७८ मध्ये तयार केलेल्या उपकरणात ऑक्सिजन पुनःपुन्हा वापरला जाई आणि उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड दाहक क्षाराकडून शोषला जाई. अशा बंद उपकरणात पाणी शिरले, तर प्रश्न केवळ ठसक्याचा राहत नाही. पाणी क्षारात मिसळून तयार होणारा दाहक द्रव तोंडात येऊन घसा भाजण्याचा धोका असतो. म्हणून या जातीच्या उपकरणांत मुखनळीला तोटी बसविण्यात येऊ लागली आणि तोंडातून मुखनळी काढण्यापूर्वी ती बंद करणे आवश्यक ठरले. दुसरे उत्तर फ्रेंच नौदल अधिकारी ईव्ह ल प्रियर यांचे. मॉरीस फर्नेझ यांच्या साध्या श्वसनसाधनास त्यांनी १९२६ मध्ये उच्च दाबाच्या हवेचा सिलिंडर जोडला व १९३३ मध्ये संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा योजला. यात मागणीनुसार हवा देणारी झडपच नव्हती. पाणबुड्या हाताने तोटी फिरवून हवेचा अखंड प्रवाह मुखवट्यात सोडी आणि अधिक झालेली हवा मुखवट्याच्या कडेखालून निसटे. आतला दाब सदैव बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक राहिल्याने पाण्याला आत यावयास वावच नसे. पाणी रोखण्याच्या दृष्टीने हे उत्तर निर्दोष होते. मात्र त्याची किंमत हवेच्या रूपाने मोजावी लागे. श्वास घेतला न घेतला तरी हवा वाहतच राही आणि सिलिंडर पाहता पाहता रिकामा होई.

कूस्तो-गान्यां नियामक : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती आणि मोटारगाड्या जळाऊ वायूवर चालविल्या जात. एअर लिक्विड या कंपनीतील अभियंते एमील गान्यां यांनी एंजिनाला लागेल तितकाच वायू पुरविणारी छोटी झडप तयार केली होती. नौदल अधिकारी झाक-ईव्ह कूस्तो यांचे सासरे याच कंपनीशी संबंधित होते. डिसेंबर १९४२ मध्ये दोघांची पॅरिस येथे भेट झाली आणि एंजिनासाठी केलेली झडप माणसाच्या फुप्फुसाकरिता योजण्याचे ठरले. जानेवारी १९४३ मध्ये कूस्तो यांनी मार्न नदीच्या थंड पाण्यात पहिला नमुना तपासून पाहिला. आडवे पोहताना हवा व्यवस्थित मिळाली. पण उभे राहताच ती फसफसून वाया जाऊ लागली, आणि डोके खाली करताच श्वास ओढणे दुरापास्त झाले.

कारण शोधण्यास फार वेळ लागला नाही. हवा देणारा पडदा एका जागी व निःश्वासाचे तोंड दुसऱ्या जागी होते. दोहोंत सुमारे १५ सेंमी. अंतर होते. शरीर उभे असताना निःश्वासाचे तोंड पडद्याच्या वर येई. तेथे पाण्याचा दाब कमी असल्याने आतली हवा आपोआप त्या वाटेने निसटे, तिच्या जागी नवी हवा येई आणि हा क्रम अखंड चाले. डोके खाली केले की स्थिती उलट होई. पंधरा सेंटीमीटर पाण्याचा दाब एरवी नगण्य वाटेल. पण जे यंत्र काही सेंटीमीटरांच्या फरकावर चालते, त्याला तो फार मोठा होतो. उपाय एकच होता : निःश्वास-झडप पडद्याला अगदी लागून, त्याच पातळीवर बसविणे. पडदा मानेमागे असल्याने झडपही मानेमागे गेली, आणि तोंडातला उच्छ्वास तिथवर नेण्यासाठी दुसरी नळी घालावी लागली. पुढे चित्रपट व छायाचित्रे यांतून जगाच्या परिचयाचे झालेले ते दोन वलीदार नळ्यांचे रूप असे पाण्याच्या दाबाच्या हिशेबातून आले आहे. पॅरिसमधील एका हौदात सुधारलेला नमुना सर्व स्थितींत नीट चालला आणि जून १९४३ मध्ये भूमध्य समुद्रकिनारी बांदॉल येथे त्याची समुद्रात चाचणी झाली. ॲक्वालंग या नावाने तो युद्धानंतर विकला जाऊ लागला. त्याची निःश्वास-झडप चंचु-झडपच होती.

नळ्यांतील पाणी : ॲक्वालंगने एक प्रश्न सोडविला आणि दुसरा निर्माण केला. त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांत मुखनळीपाशी कोणतीही झडप नव्हती. पाणबुड्याच्या तोंडातून मुखनळी सुटली आणि ती नियामकाच्या पातळीखाली गेली, की श्वासाची व उच्छ्वासाची अशा दोन्ही नळ्या पाण्याने भरून जात. मुखनळी परत तोंडात धरून श्वास घेतल्यास हवेऐवजी नळीभर पाणी घशात येई. नळ्यांच्या वळ्यांत तर पाणी साचूनच राही व प्रत्येक श्वासागणिक गुळगुळ आवाज करी.

यावर पाणबुड्यांनी जी रीत बसविली, ती नियामकाच्या दोषाचाच उपयोग करून घेणारी होती. मार्न नदीत दिसून आलेले तत्त्व असे की, हवेचे तोंड पडद्याच्या वर गेले की हवा आपोआप वाहू लागते. म्हणून पाणबुड्याने सुटलेली मुखनळी हाताने डोक्यावर, नियामकाच्या वर उचलून धरावयाची. हवा फसफसत येऊन श्वासाच्या नळीतील पाणी बाहेर ढकली. मग मुखनळी खाली आणून तोंडात धरावयाची आणि निःश्वासाची नळी खाली येईल अशा बेताने कुशीवर कलून जोराने फुंकावयाचे. पाणी उताराने त्या नळीत जाई व फुंकेच्या जोराने मानेमागील चंचु-झडपेतून बाहेर पडे. हे सर्व करण्यास छातीत पुरेशी हवा शिल्लक असावी लागे. उच्छ्वास पूर्ण केल्यावर नेमकी मुखनळी सुटली, तर फुंकण्यास काही उरत नसे. अशा वेळी मुखनळी वर उचलून वाहती हवा मिळविणे एवढाच मार्ग राही. त्या काळच्या शिक्षणक्रमांत या कृतीला मोठे महत्त्व होते. तलावाच्या तळाशी उपकरण काढून ठेवावयाचे, वर यावयाचे, पुन्हा बुडी मारून ते शोधावयाचे, नळ्या रिकाम्या करावयाच्या आणि तेथेच श्वास घेऊ लागावयाचे, ही कसोटी उतरल्याखेरीज शिष्य समुद्रावर नेण्यास योग्य मानला जात नसे. आजच्या दृष्टीने ती कठोर वाटते, पण उपकरणच तसे होते.

१९५० नंतरच्या दशकात मुखनळीच्या दोन्ही अंगांस पातळ रबरी चकत्यांच्या एकमार्गी झडपा बसविण्यात येऊ लागल्या. एक झडप श्वासाच्या नळीतून फक्त तोंडाकडे येऊ देई, दुसरी तोंडातून फक्त निःश्वासाच्या नळीकडे जाऊ देई. मुखनळी सुटली तरी आता नळ्यांऐवजी फक्त मुखनळीच्या पोकळीत पाणी भरे आणि एका फुंकरीने ते निःश्वासाच्या नळीत जाई. दोन चकत्यांच्या या भरीने कुशीवर कलण्याची कसरत बव्हंशी अनावश्यक केली. नियामकाच्या इतिहासात या सुधारणेला क्वचितच स्थान दिले जाते. परंतु सामान्य माणसाला पाणबुडेगिरी आवाक्यात आणून देण्यात तिचा वाटा मोठा आहे.

एकनळी नियामक : मूळ अडचण अशी होती की, हवा देणारा पडदा मानेमागे आणि ती घेणारे तोंड पुढे, यांत अंतर होते. ते अंतरच काढून टाकण्याचे श्रेय प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातील टेड एल्ड्रेड यांना द्यावे लागते. कूस्तो-गान्यां एकस्वाला बाध येणार नाही असे उपकरण त्यांना तयार करावयाचे होते. त्यांनी नियामकाचे दोन भाग केले. पहिला टप्पा सिलिंडरच्या तोंडाशी बसवून हवेचा दाब मध्यम पातळीवर उतरविला. दुसरा टप्पा, म्हणजे पडदा, तरफ व दोन्ही झडपा असलेली पेटी, थेट तोंडापुढे आणली. दोहोंना जोडणारी एकच बारीक नळी सदैव दाबाखालील हवेने भरलेली असल्याने तिच्यात पाणी शिरण्याचा प्रश्नच उरला नाही. पॉर्पस या नावाचा हा नियामक मेलबर्न येथे १९५२ मध्ये विक्रीस आला. कालांतराने एल्ड्रेड यांचा व्यवसाय एअर लिक्विड समूहाकडे गेला. आज जगभर वापरले जाणारे जवळजवळ सर्व नियामक कूस्तो-गान्यां यांच्या दोननळी रूपाचे नसून याच रचनेचे आहेत. तरीही लोकांच्या स्मरणात नाव राहिले ते कूस्तो यांचे. ग्रंथ व चित्रपट ज्याच्या हाती असतात, त्याच्या बाबतीत असे घडते.

तोंडापुढील पेटी लहान असल्याने तिच्यात मावणारे पाणी अगदी थोडे असते. निःश्वास-झडप पेटीच्या तळाशी बसविली जाते, त्यामुळे पाणबुड्या उभा किंवा पालथा असताना पाणी आपल्या वजनानेच झडपेकडे जाते आणि साध्या उच्छ्वासाबरोबर निघून जाते. चंचु-झडपेची जागा येथे छत्रीच्या आकाराच्या, मध्यभागी दांडी असलेल्या पातळ चकतीने घेतली. याखेरीज पडद्यावरील झाकणात एक बटण असते. ते दाबले की पडदा आत ढकलला जाऊन पुरवठा-झडप उघडते व सिलिंडरमधील हवाच पेटीतील पाणी बाहेर फेकते. पाणबुडे त्यास पर्ज बटण म्हणतात. छातीत हवा उरली नसतानाही पाणी काढता येण्याची सोय त्यामुळे प्रथमच सहजसाध्य झाली. मात्र बटण एकदम जोराने दाबल्यास हवेबरोबर पाण्याचे तुषार घशात उडतात. म्हणून ते दाबताना जीभ टाळूला लावून घशाची वाट अडवावी आणि त्यानंतरचा पहिला श्वास सावकाश घ्यावा, असे शिकविले जाते.

तळाशी झडप ठेवण्याच्या सोयीलाही मर्यादा आहे. पाणबुड्या उताणा किंवा डोके खाली असलेल्या स्थितीत असला, तर पेटीचा तळ वर येतो आणि साचलेले पाणी तोंडाच्या बाजूस उतरते. त्यामुळे अन्यथा निर्दोष असलेला नियामकही काही स्थितींत ओला श्वास देतो. यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते. पाणबुड्याने शरीराची स्थिती बदलून फुंकर मारणे इतकेच पुरते. दोननळी नियामकाचे बुडबुडे मानेमागे सुटत असल्याने छायाचित्रकारांना तो दीर्घकाळ प्रिय होता. तरी १९७० च्या सुमारास एकनळी प्रकाराने त्याला बहुतेक ठिकाणांहून हटविले.

ओल्या श्वासाची कारणे : पाणी प्रत्येक श्वासाबरोबर येतच राहिले, तर त्याची कारणे ठराविक असतात. सर्वांत अधिक आढळणारे कारण मुखनळीचे रबर हे होय. पाणबुडे तिचे उंचवटे दातांनी चावून धरतात. काही काळाने तेथे भेगा पडतात. पेटीशी मुखनळी घट्ट बांधणारी प्लॅस्टिकची पट्टी सैल होते किंवा तुटते, आणि प्रसंगी मुखनळी दातांत राहून पेटी तेवढी निसटते. निःश्वास-झडपेच्या चकतीखाली वाळू, केस किंवा शेवाळाचा तंतू अडकतो, अथवा चकतीची कड दुमडते. पडद्याला भोक पडलेले किंवा तो खोबणीत नीट न बसलेला असतो. पूर्वीचे नैसर्गिक रबर ऊन व खारे पाणी यांनी कडक होऊन तडकत असे. सिलिकोन रबर आल्यापासून हा दोष बराच कमी झाला. पाण्यात उतरण्यापूर्वी सिलिंडर बंद ठेवून नियामकातून श्वास ओढून पाहणे, ही या सर्वांवरील सोपी परीक्षा आहे. पेटी धड असेल, तर ओढ लागते व हवा येत नाही; हवा आली, तर तिच्याच वाटेने पाणीही येणार हे निश्चित. वाळूच्या किनाऱ्यावरून उतरणाऱ्यांना झडपेखालचा कण फार त्रास देतो. तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर किंवा गोव्यातील ग्रँड आयलंडजवळ शिकणाऱ्या नवशिक्यांनाही नियामक तोंडातून काढणे, परत धरणे आणि फुंकून वा बटण दाबून रिकामा करणे हे पाठ उथळ पाण्यातच घ्यावे लागतात.

पहिल्या टप्प्यातील पाणी : तोंडापुढील पेटीत पाणी येणे अपेक्षितच असते; पहिल्या टप्प्याच्या आतल्या, कोरड्या भागात ते येणे हा मात्र खरा बिघाड होय. तो बहुधा समुद्रात होत नाही, धुलाईच्या बादलीत होतो. समुद्रावरून परतल्यावर नियामक गोड्या पाण्यात भिजवितात. सिलिंडरवरून काढलेल्या पहिल्या टप्प्याच्या तोंडावर टोपण घट्ट बसविले नसेल, तर पाणी सरळ आत जाते. टोपण बसविलेले असूनही बुडविलेल्या नियामकाचे पर्ज बटण कोणी सहज दाबले, तर उघडलेल्या पुरवठा-झडपेतून पाणी नळीत शिरून वर पहिल्या टप्प्यापर्यंत पोहोचते. कारण आता नळीत त्याला अडविणारा हवेचा दाब नसतो. मिठाचे पाणी आत राहिल्यास पितळी भाग हिरवे पडतात, स्प्रिंगा गंजतात व हवा गाळणारी धातूची चाळणी चोंदते. समुद्रात ज्या बटणाने पाणी निघते, त्याच बटणाने बादलीत ते शिरते, हे लक्षात न आल्याने पुष्कळ चांगले नियामक निकामी झाले आहेत. शक्य तेथे नियामक सिलिंडरला जोडून, हवा सुरू ठेवूनच धुणे हा त्यावरील उत्तम उपाय आहे.

थंड पाण्यातील वर्तन : हवा सुमारे २०० वातावरण दाबावरून एकदम १० वातावरणांच्या आसपास उतरते, तेव्हा ती प्रसरण पावून अतिशय थंड होते व तिच्या सान्निध्यातील धातूचे तापमान गोठणबिंदूखाली जाऊ शकते. खोलीचा दाब कळावा म्हणून पहिल्या टप्प्याचा एक कप्पा पाण्याला मुद्दाम खुला ठेवलेला असतो. उबदार समुद्रात त्याने काही बिघडत नाही. पण बर्फाखालील पाण्यात तेथील पाणी गोठून झडप उघड्या स्थितीत अडकते आणि हवा अनिर्बंध वाहू लागते. जितकी हवा वाहते, तितका धातू आणखी गार होतो व बर्फ आणखी वाढतो. गोड्या पाण्याची सरोवरे या बाबतीत समुद्रापेक्षा अधिक घातक ठरतात, कारण समुद्राचे पाणी सुमारे −१.९° से.पर्यंत गोठत नाही. दुसऱ्या टप्प्यात उच्छ्वासातील बाष्प आणि पेटीत राहिलेले थेंब तरफेवर गोठून तोच परिणाम घडवितात. म्हणून अशा ठिकाणी पाण्यात उतरण्यापूर्वी गारठलेल्या हवेत नियामकातून श्वास घेऊन पाहू नये आणि पर्ज बटण तर शक्यतो दाबूच नये, असा दंडक आहे.

यावर उपाय म्हणून खुला कप्पा तेल, ग्रीझ किंवा दुसऱ्या रबरी पडद्याने बंद करण्यात येऊ लागला. त्यातून खोलीचा दाब पोहोचतो, पाणी मात्र पोहोचत नाही. दुसऱ्या टप्प्यातील धातूच्या भागांभोवती भोवतालच्या पाण्याची उष्णता पोहोचविणारी पाती बसविलेलीही आढळतात. युरोपीय मानक ई. एन. २५० अनुसार थंड पाण्यातील कसोटीस न उतरलेल्या नियामकावर तो १०° से.पेक्षा अधिक तापमानाच्या पाण्यासाठीच असल्याची खूण करावी लागते. बर्फाखाली जाणारे पाणबुडे सिलिंडरवर दोन स्वतंत्र तोट्या व दोन स्वतंत्र पहिले टप्पे लावून उतरतात. एक गोठून वाहू लागला की त्याची तोटी बंद करून ते दुसऱ्यावर श्वास घेतात आणि बर्फातील भोकाकडे परततात.